दुधाची पेटी

अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या मोटारशर्यतीत जिंकणाऱ्याने सगळ्यांसमोर बाटलीभर गार दूध प्यायचं असतं. यंदा ती बाटली हातात द्यायचा मान गोठेवाल्या एल्रॉयला मिळाला होता, म्हणून तो सकाळपासून बर्फाच्या पेटीवर ठाण मांडून बसला होता. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचा त्याला संशय येत होता.

"लग्नातली अंगठी एवढी जपली असतीस तर हरवली नसती," बायको नदीन म्हणाली.

टोपी घातलेली एक बारकीशी पोरगी तिसऱ्यांदा पेटीपाशी घुटमळली, तेव्हा मात्र त्याचं डोकं फिरलं.

"काय हवंय तुला?"

"काका, साय काढलेल्या दुधाची बाटली ठेवलीत ना आठवणीने?"

कोणत्या चालकाला कसलं दूध हवं, याची यादी एल्रॉयच्या खिशात होती. मग हिला एवढी चौकशी कशाला? दुधात काहीतरी कालवायला कोणीतरी पाठवलेली दिसते.

"नुसता बाटलीला हात लावून बघू का?"

"आधी शर्यत जिंकून ये, मग लाव," तो खेकसला. ती निमूटपणे निघून गेली, तरी त्याने पेटीला दुसरं कुलूप घातलं.

दुपारी दोनशे फेऱ्या संपल्या आणि पहिली आलेली गाडी त्याच्यासमोर येऊन थांबली. एल्रॉयने यादीत नाव शोधलं, साय काढलेल्या दुधाची बाटली पुसली आणि पुढे झाला. काजळीने माखलेल्या चालकाने हेल्मेट काढलं.



"काका, आता लावू ना हात?"