बुटका कोंबडा

सेक्टर सहामधील आमच्या क्वार्टरच्या परसात पूर्वीपासून थोराड कोंबड्यांचा निवास होता. जामुलच्या बाजारातून आणलेला, बँटम जातीचा वीतभर उंचीचा कोंबडा मी त्यांच्यात सोडला, तेव्हा माझी पत्नी चिंतातुर झाली.

"एवढूसा जीव हाये तो. ह्या ढोरांमधी कसा राहीन? टोचून मारतीन त्याले."

तिची भीती अनाठायी नव्हती. पहिल्याच आठवड्यात एका मोठ्या कोंबडीचा डोळा फुटलेला आढळला. पुढे दुसरीचाही फुटला. या थोराड कोंबड्या आपसांत इतक्या निर्दयतेने भांडत असतील, तर त्या बालकासमान जीवाची काय गत होईल, या विचाराने माझे अंतःकरण व्याकूळ झाले. त्याच संध्याकाळी मी त्याला उचलून घरात आणले.

तेव्हापासून परसात पूर्ण शांतता नांदत आहे. एकाही कोंबडीला साधा ओरखडासुद्धा आलेला नाही.

"तुमच्या धाकानं सुधरल्या वाटते," पत्नी हसून म्हणाली. मलाही मनस्वी समाधान वाटले.

आज मी परसात दाणे टाकत असताना सून माधवीने स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली. तिची सहा महिन्यांची सई, माझी नात, आतल्या खोलीत पाळण्यात एकटीच होती.



"मामाजी, मोबाइल घेऊन या ना फोटोले. कोंबडा सईच्या उशीवर जाऊन बसला, अन् कसा टक लावून तिच्या डोळ्यात पाहून राहिला."