बुरुलआपांची चादर

इसिक-कुल सरोवराकाठच्या आमच्या आरोग्यधामात जुनाट कंबरदुखीवर नसांना हलका करंट देतात. पेशंटने आपली चादर घरून आणायची, ती अंथरून पालथं झोपायचं. मी नर्स. कमरेवर ओली फडकी ठेवते, पडदा ओढते आणि बाहेर यंत्रापाशी बसून आतून "पुरे" ऐकू येईपर्यंत बटण फिरवते.

त्या दुपारी म्हाताऱ्या बुरुलआपा आधीच येऊन झोपल्या होत्या, तोंड उशीत खुपसून, चादर न अंथरताच.

"विसरलात ना चादर?" मी बाहेरून म्हटलं. "मुंग्या आल्या का?"

"अजून थोडं, पोरी."

"बीट उपटून उपटून कातडं निबर झालंय तुमचं."

"अजून."

दणकट घोडेवालेही जिथे किंचाळतात, तिथवर यंत्राचा काटा गेला. मी खटका बंद केला, प्लगही उपटला.

तेवढ्यात दार ढकलून बुरुलआपा आल्या. काखेत घडी घातलेली चादर.

"उशीर झाला गं, गाडीच मिळेना. आत कोण आहे?"

मी यंत्राकडे पाहिलं. काटा शून्यावर होता.

पडद्याआडून आपांच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "अजून थोडं, पोरी."