बारामतीचा सूर

राजवर्धनने बटण दाबलं आणि इंदापूर बारामतीला मुकं झालं.

काम अगदी किरकोळ होतं. हौशी रेडिओवाल्यांचे दोन रिपीटर होते, एक बारामतीजवळच्या टेकडीवर, दुसरा इंदापूरला. हातातल्या छोट्या सेटचा अशक्त आवाज पकडायचा आणि लांब फेकायचा, एवढंच या यंत्रांचं काम. दोन्ही एकमेकांना जोडलेले, पण त्या जोडाला कुलूप होतं. बोलणाऱ्याच्या आवाजाखालून एक घुमता सूर जाई. माणसाच्या कानाला तो लागत नसे, यंत्राला लागे. ठरलेला सूर असला तरच इंदापूरचं बोलणं बारामतीत उमटे. राजवर्धनने तो सूर बदलला, आणि नवा कोणता हे इंदापुरात कुणालाच सांगितलं नाही.

त्याला त्या लोकांची शिसारी आली होती. परीक्षा देऊन परवाना त्यांनीही मिळवला होता, हे खरं. पण बोलणं काय, तर 'हाय' आणि 'न्हाय'. पळसदेवचा बिरू धरणाचं पाणी किती उतरलं, बुडालेलं जुनं देऊळ किती वर आलं, हे रोज हौसेने सांगे. इंदापुरात औषधांचं दुकान चालवणारी मेहजबीन तितक्याच हौसेने त्याला आणखी विचारी, आणि मध्येच गिऱ्हाइकाला गोळी जेवणाआधी की नंतर ते समजावी. हवेत अशी चावडी भरलेली असताना एकदा पुण्याचा कुणीतरी ऐकत होता. तो हसून म्हणाला, "तुमच्याकडे रोजच आठवडी बाजार असतो वाटतं!" राजवर्धनही हसला. त्याच संध्याकाळी तो टेकडीवर गेला. तिथल्या खोलीची किल्ली त्याच्याकडेच असायची, त्यामुळे कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता.

दोन दिवसांनी मेहजबीनचा फोन आला.

"सर, आमचा आवाज तिकडं पोचत न्हाय. नवा टोन सांगा की."

"आधी नीट बोलायला शिका," तो म्हणाला. "मग सांगतो."

"बरं सर," म्हणून तिने फोन ठेवला. पुन्हा तिने विचारलं नाही. राजवर्धनने ती शिस्त मानली. बारामतीच्या मंडळींना तो सांगू लागला, "आता कसं स्वच्छ वाटतं." मंडळींनी माना डोलावल्या. त्यांच्यातल्या कुणालाही त्याच्याशी वाकडं घ्यायचं नव्हतं.

श्रावणात त्याची आई यमुनाबाई गल्लीतल्या बायकांबरोबर इंदापूर तालुक्यातल्या नरसिंहपूरला देवाला गेली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. वरच्या धरणांतून पाणी सुटलं. उजाडलं तेव्हा भीमा आणि नीरा दोन्ही फुगल्या होत्या, गावाचा रस्ता पाण्याखाली होता आणि मोबाइलचा टॉवर बंद पडला होता. राजवर्धन आईला फोन लावत राहिला. तहसील कचेरीतून "माहिती घेतोय" एवढंच उत्तर मिळालं. दुपारी कुणीतरी त्याला पलीकडच्या काठावरून काढलेला एक व्हिडिओ पाठवला. संगमावरच्या घाटाच्या पायऱ्या त्यात दिसतच नव्हत्या. नुसतं लाल पाणी.

मग त्याला इंदापूर आठवलं.

तो धावत टेकडीवर गेला. त्याने जुना सूर परत लावला. कुलूप निघालं, आणि त्याच क्षणी मेहजबीनचा आवाज खोलीत आला. बसलेला, घोगरा.

"बारामती, बारामती, कुणी ऐकतंय का?"

त्याने आपलं नाव सांगितलं.

"बरं झालं सर, आलात." तिच्या आवाजात राग नव्हता. "बिरू सेट घेऊन होडीतनं नरसिंहपूरला गेलाय. देवळात तुमच्याकडच्या बायका हायत, समद्या धड हायत. त्यांचे घरी निरोप द्यायचेत. सकाळपासून हाका मारतीय, पर पलीकडं काय जाईना."

राजवर्धनने खुर्ची ओढून घेतली. आई सुखरूप होती. आणि धीर येताच त्याला आपण कोण आहोत हे आठवलं. या लोकांपुढे 'माझी आई' म्हणायचं, आईची खुशाली हात जोडून मागायची, ते त्याच्या जिभेवर येईना. शिवाय पुण्याचे लोकही ऐकत असतील.

"त्यांत यमुनाबाई नावाच्या कुणी आहेत का बघा," तो ठेवणीतल्या आवाजात म्हणाला. "आमच्या ओळखीतल्या आहेत."

आता थेट बिरू बोलला. मागे पाण्याचा घोंघाट होता, कुणीतरी आरती म्हणत होतं.

"हायत की साहेब, या काय माज्या शेजारी बसल्यात. आत्ताच च्या पिल्या. लई धीराच्या हायत. बाकीच्या बायकांस्नी त्यांनीच सांभाळलं."

"मग त्यांचा काही निरोप?"

बिरू घुटमळला.

"न्हाय जी. सकाळी मी हितं बसून तुमचा टोन हुडकत हुतो, एकेक लावून बघत हुतो. आजींनी इचारलं, का रं लागत न्हाय? मी म्हनलं, आमाला बोलाया येत न्हाय म्हनून बारामतीच्या राजवर्धनसाहेबांनी वाट बंद केलीया. मग मेहजबीनताईंनी सगळ्यांचे निरोप घेतले, तवा यांनाबी इचारलं, आजी, घरी कुणाला कळवायचं? तर म्हनल्या, कुणाला न्हाय. बारामतीत माजं कुणी न्हाय."