मुकी घंटी

दिवाळीपर्यंत कुरणात कोणीच गुरं घालायची नाहीत, गवताला बी धरू द्यायचं, असं त्या वर्षी फुलसावंगीजवळच्या तांड्यानं ठरवलं आणि राखणीला भीमसिंगला बसवलं. त्याची बायको रुपीबाई मात्र पावसात भिजत बांधाबांधानं गवत कापायची आणि घरच्या जोडीपुढं टाकायची. बैल चांगले अंगानं भरले, तेव्हा तिला आपल्या विळ्याचंच कौतुक वाटलं.

श्रावणात कळलं, कुरण मधोमध कोणीतरी चारून टाकलंय.

"पहाटपासून कान देऊन बसतो मी," भीमसिंग पंचांपुढं म्हणाला, "पण एका घंटीचाबी आवाज येत नाही."

"त्या बाबुलालचे बैल पाहा ना! काहून एवढे फुगून राह्यले?" रुपीबाई कडाडली. बाबुलालनं पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, तरी पंचांनी सांगितलं, यंदा पोळ्याला त्याची जोडी तोरणाखाली उभी राहणार नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी रुपीबाईनं तूप-हळद लावून बैलांचे खांदे शेकले आणि ढवळ्याच्या गळ्यातली घंटी राखेनं घासायला घेतली. महिनाभर ती वाजतच नव्हती. लोलक कुठंतरी गळून पडला, असं भीमसिंग म्हणाला होता. घासता घासता तिनं आत बोट घातलं.



लोलक जागेवरच होता, तिच्याच हरवलेल्या ओढणीच्या चिंधीत घट्ट गुंडाळलेला.