दीपस्तंभामागचे मासे

लास्तोवो बेटावरचा येर्को समुद्रावरून परतला की आधी वही उघडायचा. वारा कुठला होता, आमिष काय लावलं, मासे कुठे लागले, सगळं टिपून ठेवायचा. त्याचा मेहुणा व्लाहो जेवायला आला की हात धुण्याच्या निमित्ताने आत जाऊन ती वही चाळतो, हे एकदा त्याच्या लक्षात आलं. मग त्याने त्या दिवशीची नोंद ठोकून दिली : 'दीपस्तंभामागे. होडी भरून मासे.' तिथे त्याने जन्मात गळ टाकला नव्हता.

सकाळी व्लाहोची होडी दीपस्तंभाकडे वळलेली दिसली, तसा येर्को मिशीतल्या मिशीत हसला.

"माझ्या भावाला उगाच उन्हात कशाला पिटाळलंत?" बायको पेरीना म्हणाली.

"चोरून वाचायची खोड तरी मोडेल त्याची."

संध्याकाळी व्लाहो दारात उभा. दोन्ही हातांत हातभर लांबीचे मासे, आणि होडीत अजून होते म्हणे.

"दाजी, गाव तुम्हाला थापाड्या म्हणतं," तो गहिवरून म्हणाला, "पण तुमच्या वहीत एक अक्षर खोटं नसतं."