शिडी

पोहता येतं, अशी थाप मी बायकोला लग्नाआधीच मारली होती. त्यामुळे चाच्यांच्या जहाजासारख्या सजवलेल्या सहलीच्या बोटीवरून सगळे मास्क आणि नळी लावून मासे बघायला गेले, तेव्हा मी पाण्यात शिडीला चिकटून राहिलो. डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला खलाशी हळूच म्हणाला, "साहेब, सोडा शिडी. काही होत नाही." मला मान वर करवेना.

बोटीत आल्यावर मी कासव पाहिल्याचं ठोकून दिलं. बायको माझा हात धरून सगळ्यांना कौतुकाने सांगत होती.

निघताना खलाशी शिडी ओढू लागला, पण ती हलेना. तो पाण्याकडे वाकला आणि तितक्याच हळू म्हणाला, "साहेब, सोडा शिडी."

बायकोनेही वाकून आधी शिडीला चिकटलेल्या त्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तिने माझ्या हातातला हात काढून घेतला.