सुलतानचं शिक्षण

सम्राटची चप्पल पायऱ्यांवर करकरली आणि सुलताननं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच मुतलं.

नाव सुलतान, वय तीन महिने. रॉटवायलरचं पिल्लू. तालीम मंडळाच्या अध्यक्षाच्या दारात असलंच कुत्रं शोभतं म्हणून सम्राटनं ते आणलेलं. आणायची हौस त्याची, पुसायचं काम बायकोचं. प्रियदर्शनीनं फडकं उचललं, पण सम्राट तिच्या आधी पोचला. त्याची शिकवायची पद्धत सोपी होती. मान धरायची, नाक ओल्यात घासायचं आणि वर चप्पल हाणायची. पिल्लू केकाटलं आणि परत मुतलं.

"अहो, शिकलंय ते," प्रियदर्शनी म्हणाली. "सू आली की दारापाशी जाऊन बसतंय. डॉक्टर पण म्हणाले, तुम्हाला भिऊन होतंय त्याला."

"कुत्र्याला कसलं भ्या? मला अक्कल शिकवू नको." त्यानं चप्पल कोपऱ्यात भिरकावली. "आत्ता मंडळाची माणसं यायल्यात. त्यांच्यापुढं ह्यानं घाण केली की संध्याकाळी पोत्यात घालून कागलच्या एमआयडीसीत सोडून येतो. मग रडत बसायचं न्हाय."

तो कपडे बदलायला आत गेला. पिल्लू प्रियदर्शनीच्या मांडीत घुसून थरथरत होतं. रोज पहाटे उठून, भाकरीचे तुकडे चारून तिनं त्याला अंगणातली पेरूखालची जागा दाखवली होती. गुणी लेकरासारखं ते शिकलंही होतं. तिला रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. आज ह्या माणसाचं उट्टं काढायचं, चारचौघांत काढायचं. पिल्लू हातचं जाईल, हे तिला कळत होतं. पण ठेवून तरी काय, रोज चप्पल खायलाच ना?

तिनं वाडगाभर ताकात पाणी ओतलं आणि पिल्लापुढं ठेवलं. सुलताननं वाडगा चाटूनपुसून साफ केला.

माणसं आली. नव्या अध्यक्षांचा सत्कार, म्हणजे हार, शाल, फेटा, नारळ, सगळा थाट. सम्राट पांढऱ्या कडक कपड्यांत सोफ्याच्या टोकाला बसला. शेजारच्या खुर्चीत जोतीराम वस्ताद. सम्राटला तांबड्या मातीत पहिला डाव त्यांनी शिकवलेला, त्यामुळं घरात त्यांचा शब्द शेवटचा.

"वाघाचा बछडा कुठं हाय?" कुणीतरी ओरडलं. "अध्यक्षासंगं फोटू पायजे की!"

"आण गं," सम्राट म्हणाला.

प्रियदर्शनीनं पदर सारखा केला, पिल्लू उचललं आणि सम्राटपासून सगळ्यात लांब, दाराशी बसलेल्या माणसाच्या हातात दिलं. मुद्दाम.

सुलतान हातोहात निघाला. एकानं कान ओढले, एकानं पोट खाजवलं. त्यानं कुणाची मिशी चाटली, कुणाच्या शर्टाचं बटण चावलं. वस्तादांनी त्याला मांडीवर उताणं पाडलं. "चितपट!" ते म्हणाले, आणि खोली हसली. मग सम्राटनं हात पुढं केले. पिल्लानं कान पाडले, अंग चोरलं. सम्राटनं त्याला उचलून छातीशी धरलं, सगळ्यांचे मोबाइल वर झाले, आणि सुलताननं सोडलं. शालीवरून सदऱ्यावर, सदऱ्यावरून विजारीवर. वाडगाभर ताक म्हणजे काही थोडं नसतं.

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकला आल्यासारखं केलं. सम्राटचा हात उगारला गेला, पण समोर मोबाइल होते.

"हलकट कुठलं!" त्यानं पिल्लू खाली टाकलं. "घरात करायचं न्हाय, एवढं बी कळत न्हाय ह्याला. आजच सोडतो एमआयडीसीत."

"वस्ताद," प्रियदर्शनी म्हणाली. एवढ्या पुरुषांत ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होती. "एवढ्या जणांच्या हातातनं फिरलं ते. कुणाचं काय भिजलंय का, बघा की."

माणसांनी आपापले शर्ट चाचपले. एकानं तर बाही हुंगून बघितली.

"न्हाय बा," तो म्हणाला. "वाळलंच हाय."

सगळे सम्राटच्या सदऱ्याकडं बघत होते, आणि मग सदऱ्याकडं बघायचं सोडून त्याच्या तोंडाकडं बघायला लागले. प्रियदर्शनीनं ते डोळे भरून पाहिलं.

वस्तादांनी वाकून पिल्लू उचललं. ते त्यांच्या कोपरात नाक खुपसून गप्प झालं. "एमआयडीसीत कशाला?" ते म्हणाले. "मी नेतो घरला."

प्रियदर्शनीनं पिल्लाच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. "न्या," ती म्हणाली. "शिकलेलं हाय. दार तेवढं उघडं ठेवा."

"वस्ताद, ती काय बी बोलत्या. मनावर घेऊ नका," सम्राट हसत म्हणाला. हसू काही नीट जमलं नाही. मग तो बायकोकडं वळला. "बघत काय उभारलीस? च्या आण."

तिनं चहा आणला. ट्रे घेऊन ती वस्तादांपुढं वाकली, तेव्हा सम्राट उठला आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, अगदी खेटून. ट्रेमधले कप बशांवर वाजायला लागले. वस्तादांनी मान वर केली.

एरवी पाहुण्यांपुढं ती अंगठ्यांनी कप दाबून धरायची. आज तिनं ते वाजू दिले.